बसून राहिलेला

३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

बातमी आधी सांगतो, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला लागशील. माझी रचना वाजणार आहे. फेब्रुवारीत. इथल्या आपल्या ज्यू मंडळींनी एक वाद्यवृंद जमवला आहे. सगळे आपल्यासारखेच, कुठून ना कुठून हाकललेले. दुसऱ्या व्हायोलिनवर एक दंतवैद्य आहे, डबल बासवर शिंपी, क्लॅरिनेटवर मोज्यांचा दुकानदार. फर्निचरच्या गोदामात तालमी होतील. वाद्यवृंद मीच चालवणार.

देश सुटल्यापासून माझी एक ओळ कुणी वाजवलेली नाही. तिकडे माझ्या नावावर बंदी होती, इकडे ते कुणाला ठाऊकच नाही. बंदी होती तेव्हा निदान सरकार तरी माझं नाव घेत होतं.

नाचाच्या शाळेतलं काम चालू आहे. बाई एक-दोन-तीन म्हणतात, मी पियानोवर एक-दोन-तीन बडवतो. सकाळी प्रार्थनेलाही जातो. दहा पुरुष झाल्याशिवाय सुरू करता येत नाही, म्हणून दंतवैद्य दार ठोठावतो. आईला हे सांग, पण मुलाची भक्ती वाढली असं सांगू नकोस. थंडी वाढली आहे आणि तिथे शेगडी असते.

आईनं पत्राखाली दोन ओळी लिहायला नकार दिला म्हणतेस. तिला म्हणावं, रागव, पण चष्मा लावून रागव, म्हणजे माझं अक्षर तरी दिसेल. रचना तिच्यासाठी आहे. हे मात्र आत्ता सांगू नकोस, ती उगीच दोष काढत बसेल.

मामांचं काही कळतं का? तिघांना तीन देशांनी ठेवून घेतलं, पण एकालाही वाटलं नाही की या लोकांना एकमेकांशी बोलायचं असेल.

तुझा लोभ आहे हे धरून चालतो. आईचा कमवायचा आहे.
तुझा,
दादा


९ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आई गेली. तारेचे पैसे शेजारणीनं दिले, त्यामुळे तुम्हाला आधीच कळलं असेल. काल सात दिवस पुरे झाले. आरशावरची चादर काढली, जमिनीवरून उठून खुर्चीत बसले आणि आज कारखान्यात जाऊन कॉलर शिवल्या. सगळं रीतीनं झालं. आईसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला मुलगा तेवढा नव्हता.

दादाला मी कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नये, यासाठी हे पत्र.

वडील गेले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. दादा काहीच पाळत नव्हता, ना खाणं ना वार. पण आईबापासाठी वर्षभर संगीत वर्ज्य, हे एक त्यानं पाळलं. ऑपेरात मोठी जागा चालून आली होती, ती दुसऱ्याला गेली. आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची. मला तेव्हाही ते कौतुक झेपलं नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याचं काही वाजवणार आहे. फेब्रुवारीत. कळलं तर तो वाद्यवृंद चालवायची छडी खाली ठेवील. मी त्याला ओळखते, तो जमिनीवर बसेल आणि ते लोक दुसऱ्या कुणाचं काहीतरी बसवतील. पुन्हा त्याला कोण विचारणार? कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात मी लिहीन. तोपर्यंत पाप लागणार असेल तर मला लागू दे.

रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका. आता घरात मोठं माणूस तुम्हीच.
आपली,
धाकटी


२१ नोव्हेंबर

पोरी,

आईबापांच्या शोकात असलेल्याला वर्षभर अभिवादन करत नाहीत. म्हणून वर काही लिहिलं नाही. राग समजू नकोस.

तू शास्त्र विचारलं नाहीस, तरी सांगतो. मरणाची बातमी न देणाऱ्याला दोष नाही. आपल्याकडे तशी मुभा आहे. पण दोन गोष्टी आहेत. मुलाला कळवण्याची चाल आहे, कारण कद्दीश त्यानं म्हणायची असते. आणि त्यानं सरळ विचारलं, आई आहे ना, तर आहे असं म्हणता येणार नाही. गप्प राहता येतं. खोटं बोलता येत नाही. तू मधली वाट काढशील. साखरेच्या डब्याबाबत तू लहानपणी काढायचीस, आणि तुझ्या आईला ते कळायचं.

नाचाच्या शाळेत तो पोटासाठी वाजवतो, त्याला हरकत नाही. स्वतःच्या नावाचा जलसा चालत नाही. हेही तुला ठाऊक आहे, म्हणूनच तर पत्र लिहिलंस.

तुझं तू ठरवलंस. माझ्यावर जे आहे ते मी करतो. मला गळ घालू नकोस.

ती माझी धाकटी बहीण होती. तिच्या आधी मी जायचं होतं.

मामा


१३ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. कारखान्यातल्या नव्या यंत्राबद्दल तू तीन पानं लिहिली आहेस. यंत्र चांगलं दिसतं.

तालमी सुरू आहेत. गोदामात कपाटं इतकी आहेत की आवाज त्यांत शिरतो आणि बाहेर येत नाही. शिंपी डबल बासला टेकून उभा राहतो, दिवसभर उभं राहून पाय दुखतात म्हणतो. मी सांगितलं, वाद्य तुम्ही धरायचं आहे, त्यानं तुम्हाला नाही. दंतवैद्याचा हात हलका आहे. पेशंटना ते बरं, मला नाही. सुट्या प्रती मीच नकलून काढल्या, प्रत्येकाची वेगळी. नकलताना मधला, संथ भाग मला लांब वाटला. कापला नाही.

आईच्या खोलीतली खिडकी नीट बंद होते का? काठीचं रबर बसवलंस का? खुर्चीला गादी करणार होतीस, तिचं काय झालं? एवढंच लिही. तिच्याकडून निरोप मागत नाही. तिच्या वतीनं तू काही लिहावंस असंही नाही.

सकाळी प्रार्थनेला जातो. मागच्या बाकावर बसतो.

तब्येतीला जप. खरंच जप.
दादा


४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खिडकी बंद होते. मी तिच्या फटीत कापडाच्या पट्ट्या भरल्या. काठीला रबर बसवलं, काठी दाराशी असते. गादी झाली, निळ्या कापडाची. त्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नाही. आईच्या गुडघ्यांची तक्रार आता अजिबात नाही. झोपही शांत आहे.

तुझी कपाटं वाचून हसले. कारखान्यात मुकादम बाईला सांगितलं की माझा भाऊ वाद्यवृंद चालवतो. ती म्हणाली, मग तू कॉलर का शिवतेस? मी म्हटलं, त्याच्यासाठीच, छडी हलवताना पहिल्यांदा कॉलर दिसते. कार्यक्रमाला काय घालणार आहेस? तो काळा कोट असेल तर बाहीला झीज आलेली आहे, आतून रफू करून घे. शिंपी हाताशी आहे तर त्याला लाज नको.

आई म्हणते, कोटाला नीट इस्त्री कर, पाठीमागूनही, लोकांना तुझी पाठच दिसणार आहे.

मन लावून काम कर. इथली काळजी नको. लोभ असतोच, तो मागायला लाजायचं नाही.
तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

झालं. परवा झालं.

मुलींच्या शाळेचं सभागृह होतं. खुर्च्या लहान, माणसं मोठी. पहिल्या भागात क्लॅरिनेट लवकर आलं आणि थांबून राहिलं, जणू कुणाच्या घरी वेळेआधी पोचलंय. पण सावरलं. मग संथ भाग. तो लांब नव्हता. लिहिताना मला जे ऐकू आलं होतं ते तिथे वाजलं, तसंच. इतक्या वर्षांत मला शंका होती की मी कागदावर नुसते ठिपके काढतोय. ते ठिपके नव्हते. दंतवैद्याचा हातसुद्धा जड झाला होता.

शेवटी लोक उभे राहिले. मी वाकलो. मग पुन्हा वाकलो. दुसऱ्यांदा वाकायची गरज नव्हती.

मंडळाचे सेक्रेटरी नंतर गळ्यात पडले. नगराच्या मोठ्या वाद्यवृंदाचे लोक ऐकायला आले होते. मे महिन्यात त्यांच्या सभागृहात, त्यांच्या वादकांनी हीच रचना वाजवायची असं ठरतंय. खरे वादक, साठ-सत्तर माणसं. छापील कार्यक्रमात माझं नाव.

मी खूश होतो. हे लिहून ठेवतो. घरी आलो तेव्हाही होतो, सकाळी उठलो तेव्हाही होतो.

कोटाला पाठीमागूनही इस्त्री केली होती.

दादा


१० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाच.

आई गेली. फेब्रुवारीत नाही, त्याआधी, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला. मी तुला मुद्दाम कळवलं नाही. तू छडी खाली ठेवशील म्हणून. मामांना तसं लिहिलं होतं. त्यांनी सांगितलं, गप्प राहा पण खोटं बोलू नकोस. मी गप्प राहिले. खिडकी, काठी, गादी, गुडघे, झोप, त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पुन्हा वाचून बघ. मला त्या वाक्यांचा अभिमान वाटायचा. लिहून झालं की मी ती मोठ्यानं वाचायची, कुठे पकडली जात नाही ना हे बघायला.

एक खोटं आहे. कोटाचं. ते मी का लिहिलं ते कळत नाही. तू निरोप मागितला नव्हतास. तिच्या वतीनं लिहू नकोस असंसुद्धा म्हणाला होतास. लिहिता लिहिता तिचा आवाज आला आणि मी तो खाली उतरवला.

तुझ्या वाट्याचा शोक मी चार महिने पेटीत कुलपात ठेवला. तुला कद्दीश म्हणू दिली नाही. वर्षातलं जे उरलं ते आता तुझं आहे. मे महिन्याचं काय करायचं ते तू ठरव. मी त्यात बोलणार नाही, माझं बोलायचं तोंड राहिलेलं नाही.

लोभ ठेव असं लिहायचा हात होत नाही. उत्तर तेवढं दे.
धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

मला माहीत होतं.

मामांचं पत्र नोव्हेंबरातच आलं. तुला उत्तर लिहिलं त्याच दिवशी त्यांनी मलाही लिहिलं असावं. त्यात फक्त दोन ओळी होत्या. आई गेली, आणि कद्दीश तू म्हणायची आहेस. संगीताबद्दल एक अक्षर नव्हतं. ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

मी कोटाच्या खिशात पत्र ठेवलं आणि तालमीला गेलो.

तुला मी कधीच विचारलं नाही, आई आहे ना. खिडकीचं विचारलं, काठीचं विचारलं. तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून असं मी स्वतःला सांगत होतो. सरळ विचारलं असतं तर तू सरळ सांगितलं असतंस. मग दोघांना माहीत झालं असतं, आणि दोघांना माहीत असलेली गोष्ट मला छडी उचलू देत नाही. एकट्याला माहीत असलेली देते. हे मला नव्यानं कळलं.

आता प्रार्थनेचं सांगतो. आमचा वाद्यवृंद आणि आमचे दहा पुरुष जवळपास एकच आहेत. शोक करणारे कद्दीशला उभे राहतात, बाकीचे बसतात. मी उभा राहिलो असतो तर दंतवैद्यानं, शिंप्यानं, सगळ्यांनी पाहिलं असतं. शोकातल्या माणसाच्या हाताखाली ते वाजवायला तयार झाले नसते. माझ्या भल्यासाठीच नकार दिला असता. म्हणून मी बसून राहिलो. रोज सकाळी. शेजारी एक घड्याळजी, तेवढा एकच आमच्यात वाजवत नाही, बापासाठी उभा राहायचा आणि मी त्याच्या कोटाचं बटण बघत बसायचो. आमेन मोठ्यानं म्हणायचो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उभा राहिलो.

दंतवैद्यानं दंड धरला. बाहेर आल्यावर विचारलं, पत्र कधी आलं? मी म्हणालो, काल. ते काल आलंच होतं. तुझ्यासारखंच माझंही एकही वाक्य खोटं नाही. कधी गेली हे विचारलं, तेही खरं सांगितलं. महिन्यानंतर बातमी कळली तर एकच तास बसायचं असतं. तर त्या एका तासासाठी सगळ्यांनी दुकानं बंद केली. माझ्या खोलीत मावत नव्हते, दोघं जिन्यात उभे राहिले. मी खोक्यावर बसलो, पायात काही न घालता. शिंपी रडला. म्हणाला, बिचारा तिकडे वाकून नमस्कार करत होता आणि याला कल्पनाही नाही. मग तुझ्याकडे वळला. कसली बहीण, म्हणाला. मुलापासून आई लपवते, असल्या बाईच्या हातचं पाणी पिऊ नये. मोज्यांचा दुकानदारही म्हणाला, मन दगडाचं असल्याशिवाय हे जमत नाही. दंतवैद्य एवढंच म्हणाला की तिचं तिला माहीत.

मी खाली बघत होतो. त्यांना वाटलं मी रडतोय. तोंड उघडून एक वाक्य म्हणायचं होतं. तास संपला, त्यांनी मला हात देऊन उठवलं.

मे महिन्याचं सेक्रेटरींनीच मिटवलं. मला न विचारता, मला त्रास नको म्हणून. नगराच्या लोकांना कळवलं की संगीतकार शोकात आहे, आमच्या धर्मात असं चालत नाही. त्यांनी समजून घेतलं आणि दुसऱ्या कुणाची रचना घेतली. सेक्रेटरी मला येऊन म्हणाले, तुमच्या भावनेचा मान राखला. मी आभार मानले. काय सांगणार होतो? की भावना नोव्हेंबरात आली होती आणि मी तिला बाहेर थांबवून ठेवलं होतं?

तुला वाटलं होतं तसंच झालं, फक्त चार महिने उशिरा, आणि शिव्या तुला बसल्या.

दादा


२८ एप्रिल

ती. दादास,

आज मीही वर काही लिहीत नाही. तुझी पत्रं काढून पाहिली. डिसेंबरपासून एकाही पत्रावर आशीर्वाद नाही. मला वाटायचं, तालमींच्या घाईत आहेस. तू पाळत होतास. बहिणीला अभिवादन न करण्यापुरतं तू सगळं पाळलंस.

राग आला. दोन दिवस कारखान्यात कॉलर उलट्या शिवल्या, मुकादम बाईनं उसवायला लावल्या. शिंप्याला सांग, दगडाच्या मनाची बाई म्हणते की तुमची शिवण तिनं पाहिलेली नाही पण तोंड पाहायची इच्छा आहे. नको, सांगू नकोस. तू सांगणार नाहीसच.

मी मामांना लिहिलं होतं की हे सगळं तुझ्यासाठी करते. ते पुरतं खरं नाही. इथे घरात आई नव्हती. मामांकडे नव्हती. तुझ्याकडे होती. एका ठिकाणी तरी ती उठत-बसत होती, रागावत होती, चष्मा शोधत होती. तुला कळवलं असतं की तिथूनही जाणार. मी तिला तुझ्याकडे ठेवून घेतलं, आणि ती तिथे कधी नव्हतीच. कोटाचं वाक्य कुठून आलं ते आता कळतं.

तू मला वाचवलं नाहीस याचं मला वाईट वाटतं. त्यांना खरं सांगून तुझा मे परत आला नसता, पण मला कुणी दगड म्हणालं नसतं. तरी शिव्या माझ्याच मापाच्या होत्या. मी त्या ठेवून घेते. तुझं तू बघ.

रचनेची मूळ प्रत माझ्याकडे पाठव. मला वाचता येत नाही, पण जपून ठेवायला माझ्याकडे कुलपाची पेटी आहे.

धाकटी


२३ मे

धाकटे,

प्रत पाठवता येत नाही. सांगतो.

मंडळी निघू लागली आहेत. पुढच्या देशांची परवानगी एकेकाला मिळते आहे. दंतवैद्य गेल्या आठवड्यात गेला. दुसऱ्या व्हायोलिनची त्याची प्रत ट्रंकेत होती, म्हणाला, आठवण म्हणून नेऊ का? मी हो म्हटलं. शिंप्यानं डबल बासची नेली, विचारलंही नाही. क्लॅरिनेटची दुकानातल्या कुठल्यातरी खोक्यात आहे, दुकान विकलं. एकेकाकडे आपापलं आहे, आणि नुसतं दुसरं व्हायोलिन वाजवून बघितलं तर त्यात काही ऐकू येत नाही. मूळ प्रत मी नगराच्या वाद्यवृंदाकडे दिली होती. परत मागायला दोनदा गेलो. शिपाई म्हणाला, नाव सांगा. सांगितलं. तो आत जाऊन आला, म्हणाला, असं कुणाचं नाही. तिसऱ्यांदा गेलो नाही. गेलो असतो तर शोध लागला असता. मला शोध लागायला नको होता.

शिंपी बोटीवर चढण्याआधी त्याला सांगितलं. धक्क्यावर, सामानाच्या रांगेत. बहिणीला बोल लावू नका, मला आधीच माहीत होतं. त्यानं पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, मग तुम्ही आमेन कसं म्हणत होता हो? उत्तर द्यायच्या आत रांग पुढे सरकली. तुझ्या नावाचं एवढंच पुसता आलं, आणि तेही एकाच माणसाकडे. तो आता फार लांब आहे.

सकाळी उभा राहतो. दहा होत नाहीत बहुतेक दिवशी. मग नुसताच उभा राहून घरी येतो.

काठी, खिडकी, गादी यांचं पुरे झालं. आता विचारतो. आई कशी गेली? सकाळ होती का? तू जवळ होतीस की कारखान्यात? दुखत होतं का, की तसंही काही नाही? ती काय बोलली? सगळं लिही, सवलत देऊ नकोस. माझं नाव काढलं नसेल तर तेही लिही.

लोभाचं काही म्हणत नाही. पत्राची वाट बघतो.

दादा